रिलेला बोलतं करताना

"साहेब, तीन नंबरचा फीडर गेला. रिलेवर लाल दिवा लागलाय."
"कितवा दिवा, काका?"
"वरून चौथा."
"त्याच्यासमोर काय लिहिलंय?"
"चिठ्ठी निघालीये साहेब. गोंद सुकला वाटतं."

रात्री सव्वादोनला असा फोन आला की पुढचा अर्धा तास कसा जातो, हे वीज उपकेंद्राशी संबंध आलेल्या कुणालाही विचारा. काका चष्मा शोधतात, रिलेच्या छोट्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचून दाखवतात, बाणाचं बटण एकदा जास्त दाबलं जातं आणि हवं ते पान निघून जातं. तोवर कारखान्याचे मॅनेजर मागून ओरडत असतात, "चालू करा, चालू करा!"

रिलेच्या, म्हणजे विजेवर नजर ठेवणाऱ्या संरक्षक यंत्राच्या, पोटात मात्र सगळं शिस्तीत लिहिलेलं असतं. कुठल्या फेजमधून किती अँपिअर गेले, रिलेने किती मिलिसेकंदांत ट्रिप, म्हणजे वीज तोडण्याचा हुकूम, दिली, ब्रेकर (वीज तोडणारा मोठा स्विच) उघडायला किती वेळ लागला, सगळं. हे सगळं काकांच्या चष्म्यावर अवलंबून न राहता दूरवरून वाचता यावं, यासाठी जी जोडणी करायची ती म्हणजे रिलेचा दूरसंवाद. काम ऐकायला केबल टाकण्याइतकं सोपं वाटतं. मी उदाहरण घेतोय ते आपल्याकडच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सापडेल असं: बाहेरून वीज आणणारं ३३ केव्हीचं एक इनकमिंग, ट्रान्सफॉर्मर, खाली ११ केव्हीचे आठ फीडर, म्हणजे पुढे वीज नेणाऱ्या वाहिन्या, आणि प्रत्येक पॅनलवर एक न्यूमेरिकल (आत छोटा संगणक असलेला) रिले. म्हणजे एकूण नऊ रिले.

आधी रिले काय करतो ते थोडक्यात. फीडरमधून वाहणारे शेकडो अँपिअर सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, एक किंवा पाच अँपिअरच्या मापात उतरवून रिलेला देतो. रिले सतत मोजत राहतो. आकडा ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला आणि ठरवलेला वेळ तिथेच राहिला, की तो आपला एक संपर्क मिटतो. त्या संपर्कातून बॅटरीचे ११० व्होल्ट डीसी ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला मिळतात आणि ब्रेकर उघडतो, म्हणजे वीज तुटते. मोठा शॉर्टसर्किट असेल आणि रिलेला मुद्दाम थांबायला सांगितलेलं नसेल, तर हे सारं साधारण शंभर मिलिसेकंदांत आटोपतं.

या साखळीत सीटी आहे, रिले आहे, बॅटरी आहे, तांब्याच्या तारा आहेत. नेटवर्क कुठेही नाही, आणि नसायलाच हवं. दूरसंवाद जोडला म्हणून या साखळीतला एकही दुवा बदलता कामा नये. राउटर बंद पडला, सिमकार्डचं रिचार्ज संपलं, उंदराने केबल कुरतडली, तरी फॉल्ट आल्यावर रिलेने ब्रेकर पाडलाच पाहिजे. (लांब वाहिन्यांचं डिफरेन्शियल संरक्षण हा अपवाद. तिथे दोन टोकांचे रिले एकमेकांशी बोलल्याशिवाय निर्णयच घेऊ शकत नाहीत. पण त्यासाठी स्वतंत्र फायबर किंवा राखीव चॅनल असतो. तो विषय वेगळा.)

तीन दारं

दूरसंवाद हवा असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट असते: मोबाइलवर दिसायला हवं. प्रत्यक्षात आपण तीन वेगवेगळी दारं उघडत असतो. पहिल्यातून फक्त बघता येतं: करंट, व्होल्टेज, ब्रेकर उघडा की बंद, कुठली ट्रिप झाली. दुसऱ्यातून ब्रेकर चालवता येतो. तिसऱ्यातून रिलेची सेटिंग बदलता येते.

बरेचदा तिन्ही दारं एकाच वायरीवर, एकाच पोर्टवर, एकाच झटक्यात उघडली जातात, कारण रिले कारखान्यातून तशीच आलेली असते आणि कुणी विचारलेलं नसतं. माझं मत सरळ आहे. पहिलं दार हवं तेवढं उघडा. दुसरं उघडण्याआधी तीनदा विचारा. तिसरं बंद ठेवा. सेटिंग बदलायची असेल तर माणसाने पॅनलसमोर जावं, किमान उपकेंद्रात तरी हजर असावं.

दुसऱ्या दाराबद्दल एवढं सावध का व्हायचं? ब्रेकर दुरून उघडणं फारसं धोक्याचं नाही. फार तर उत्पादन थांबेल. दुरून बंद करणं, म्हणजे वीज पुन्हा सोडणं, मात्र जीवावर बेतू शकतं. वीज बंद असल्याचं परमिट घेऊन कुणी केबलच्या टोकाशी काम करत असेल आणि चाळीस किलोमीटरवर बसलेल्या माणसाने पडद्यावरचं बटण दाबलं, तर पुढचं सांगायला नको. म्हणून पॅनलवर लोकल-रिमोट स्विच असतो. तो लोकलला असताना दुरून आलेला क्लोजचा हुकूम थांबला पाहिजे, आणि तो रिलेच्या प्रोग्रॅममध्ये नव्हे, तारेत थांबला पाहिजे. म्हणजे क्लोजिंग कॉइलकडे जाणारा पुरवठा त्या स्विचच्या संपर्कातूनच गेला पाहिजे. मी नव्या जागी गेलो की लॅपटॉप उघडण्याआधी ड्रॉइंगमध्ये हे शोधतो. सापडलं नाही, तर कंट्रोलचा विषय त्या दिवसापुरता संपला.

पाठीमागचे दोन स्क्रू

रिलेच्या पुढच्या बाजूला एक पोर्ट असतो, जुन्यात नऊ पिनांचा, नव्यात यूएसबीचा. तो लॅपटॉप जोडून सेटिंग भरायला. कायमच्या संवादाचा पोर्ट मागे असतो: कुठे आरएस-४८५चे दोन-तीन स्क्रू, कुठे इथरनेटचं सॉकेट, कुठे फायबर. यातलं काय मिळणार हे बहुतेक वेळा रिले विकत घेतानाच ठरलेलं असतं. मॉडेलच्या लांबलचक ऑर्डर कोडमध्ये एक अक्षर संवादाचं असतं आणि खरेदी विभाग नेमकं तिथेच पैसे वाचवतो. तेव्हा आधी मागची पाटी वाचा. साइटवर पोहोचल्यावर कळलं की संवादाचं कार्डच नाही, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

आपल्या कारखान्यात आरएस-४८५ आहे असं धरू. दोन तारा, एकमेकींभोवती पिळलेल्या. माहिती एका तारेवरच्या व्होल्टेजमध्ये नसते, दोन तारांमधल्या फरकात असते. शेजारून जाणाऱ्या पॉवर केबलचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, फरक तसाच राहतो, म्हणून ही पद्धत उपकेंद्रासारख्या विजेच्या बाजारातही तग धरते. एका जोडीवर ३२ साधी उपकरणं बसतात आणि कमी वेगाला अंतर १२०० मीटरपर्यंत जातं. आपले नऊ रिले त्यात आरामात मावतात.

अट एकच, तारा साखळीसारख्या न्यायच्या. पहिल्या रिलेतून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मधूनच फाटा काढून पंधरा मीटरवरच्या पॅनलला नेला, की त्या फाट्याच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि पुढच्या अक्षरावर आदळतो. विहिरीत हाक मारल्यावर आपलाच आवाज आपल्या बोलण्यात मिसळतो, तसं. साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा तो याचसाठी. टोकाला आलेला सिग्नल तिथे जिरून जातो.

हे नीट झालंय का ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. सगळं बंद करा, दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा. ६०च्या आसपास ओहम आले तर दोन्ही टोकांचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एकच आहे. ४० आले तर कुणीतरी मधल्या रिलेचा आतला रेझिस्टरही चालू करून ठेवलाय. मला तर एकदा १३च्या आसपास आकडा दिसला होता. वायरमन प्रामाणिक माणूस. रेझिस्टर लावायचे म्हणून त्याने नऊच्या नऊ रिलेंवर लावले होते.

शील्ड, म्हणजे केबलवरचं धातूचं आवरण, एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्हीकडे केली, तर फॉल्टच्या क्षणी दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये जो फरक पडतो त्याचा करंट शील्डमधून वाहतो, आणि नेमकी जेव्हा माहिती हवी तेव्हाच लाइन मुकी होते. आणि हो, टर्मिनलवर ए आणि बी लिहिलेलं असतं त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. कुठल्या तारेला ए म्हणायचं यावर कंपन्यांचं एकमत नाही. उत्तर येत नसेल तर आधी दोन तारांची अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

एक प्रश्न, एक उत्तर

तारा झाल्या, आता भाषा. कारखान्यांत आजही सगळ्यात जास्त चालते ती मॉडबस. १९७९ साली मोडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांसाठी, काढलेली ही भाषा इतकी साधी आहे की पन्नाशीकडे झुकली तरी टिकून आहे. पद्धत शाळेतल्या हजेरीसारखी. एक मास्तर नाव घेतो, त्याच विद्यार्थ्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प. विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.

प्रत्येक रिलेला १ ते २४७ मधला एक पत्ता द्यायचा, दोघांना एकच पत्ता नको. वेग आणि पॅरिटी (चुका पकडायचा जादा बिट) सगळ्यांची सारखी हवी. ० हा पत्ता सगळ्यांसाठी आहे: त्या पत्त्यावर काही लिहिलं की नऊही रिले ते ऐकतात. गंमत म्हणूनही करून बघू नये.

आता एक प्रत्यक्ष संभाषण बघू. मास्तराला पहिल्या रिलेकडून फ्रिक्वेन्सी हवी आहे. तारेवरून हे जातं (आकडे सोळाच्या मोजणीत, म्हणून मध्ये अक्षरंही):

०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी

पहिला ०१ म्हणजे रिलेचा पत्ता. ०३ म्हणजे "तुझ्या वहीतून वाचून दाखव". पुढचे ०० ०० म्हणजे वहीतल्या पहिल्या ओळीपासून. ०० ०२ म्हणजे दोन ओळी. शेवटचे दोन बाइट तपासणीचे. वाटेत एक बिट जरी बिघडला तरी ते जुळत नाहीत आणि रिले उत्तरच देत नाही. उत्तर येतं ते असं:

०१ ०३ ०४ ४२ ४८ ०० ००

आणि मागे पुन्हा तपासणीचे दोन. ०४ म्हणजे चार बाइट पाठवतोय. ४२४८ ०००० हा आकडा संगणकाच्या दशांश लिहिण्याच्या पद्धतीत बरोब्बर ५०.० होतो. पन्नास हर्ट्झ. सगळं ठीक.

पण मॉडबसने फक्त सोळा बिटांच्या ओळी ठरवल्या. मोठा आकडा दोन ओळींत मोडून लिहायचा झाला तर आधी कुठला अर्धा, हे ठरवलंच नाही. मग एक कंपनी ४२४८ आधी पाठवते, दुसरी ०००० आधी. आपलं सॉफ्टवेअर उलटं वाचत असेल तर पन्नासच्या जागी असा आकडा दिसतो ज्यात दशांश चिन्हानंतर चाळीस शून्यं आहेत. पडद्यावर सरळ ०.०. आणि पहिली ओळ साधा पूर्णांक म्हणून वाचली तर १६,९६८. पहिल्या दिवशी असले आकडे दिसले की लोक रिले खराब म्हणून परत पाठवायला निघतात. रिले बिचारी बरोबर असते. सॉफ्टवेअरमध्ये शब्दांचा क्रम उलटवण्याची एक खूण असते, ती करायची.

दुसरा नेहमीचा घोळ एकाचा. पुस्तिकेत लिहिलेलं असतं ४०००१, तारेवर जातो ०. काही पुस्तिका सरळ तारेवरचा क्रमांक देतात, काही नाही. एक ओळ सरकली की आर फेजच्या जागी वाय फेजचा करंट दिसतो, आणि तिन्ही फेज सारखे असतील तर वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. तिसरा घोळ सीटीचा: रिले ०.७१ सांगते. हे ०.७१ अँपिअर सीटीच्या अलीकडचे की पलीकडचे? सीटी २००/१ असेल तर खरा करंट १४२ अँपिअर.

वेगाचा हिशोबही एकदा मांडून ठेवा. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक अक्षर पाठवायला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. एका रिलेकडून चाळीस ओळी मागवल्या तर प्रश्न, रिलेचा विचार आणि उत्तर मिळून दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास जातात. नऊ रिलेंची एक फेरी सव्वा ते दीड सेकंदाची. फॉल्ट येऊन ब्रेकर पडायला लागतात शंभर मिलिसेकंद. म्हणजे मास्तर हजेरी घेत त्या बाकापर्यंत येईतो सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून फॉल्टचा करंट पडद्यावरच्या चालू आकड्यांत शोधू नका. तो रिलेने स्वतःच्या नोंदीत टिपून ठेवलेला असतो. ती नोंद नंतर सावकाश उतरवून घ्यायची.

मागे इथरनेट असेल तर वेग वाढतो, घोळ बदलतात. नव्या रिले बहुधा सगळ्या एकाच आयपी पत्त्यासह खोक्यातून येतात. नऊही एकदम नेटवर्कच्या स्विचला जोडल्या की आळीपाळीने दिसतात आणि गायब होतात. एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढची. मॉडबस इथरनेटवर ५०२ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते, आणि पासवर्ड नावाची गोष्ट तिच्यात इथेही नाही. ज्याने हाक मारली त्याला उत्तर, ज्याने हुकूम दिला त्याचं पालन.

बाकी भाषांची ओळख धावती. जुन्या उपकेंद्रांत रिलेसाठी खास बनलेली आयईसी १०३ भेटते. उपकेंद्रातून भार प्रेषण केंद्राकडे माहिती जाते ती १०१ किंवा १०४मध्ये. अमेरिकेत डीएनपी-३ फार. तिचा मोठा गुण असा की घटना वेळेसकट साठवून ठेवते आणि लाइन तुटून परत आली की मागचं सगळं सांगते. पारेषणाच्या नव्या उपकेंद्रांत आयईसी ६१८५०. तिच्यातला गूस नावाचा संदेश एका रिलेकडून दुसरीकडे तीन-चार मिलिसेकंदांत पोहोचतो, म्हणून इंटरलॉकच्या (एका ब्रेकरने दुसऱ्याला अडवण्याच्या) तारांच्या जुड्या तिने कमी केल्या. नऊ रिलेंच्या कारखान्याला तिची गरज क्वचितच असते. विकणारे सांगतील, आहे म्हणून.

किती वाजता?

ट्रिप झाली हे कळलं, कधी झाली? इनकमिंगचा रिले म्हणतो २ वाजून १४ मिनिटं, फीडरचा म्हणतो २ वाजून ९ मिनिटं. आधी कोण पडलं? दोघांची घड्याळं आपापली चालत असतील तर या प्रश्नाला उत्तरच नाही. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा चौकशी करणाऱ्यांचा मोठा वेळ याच कामात गेला. शेकडो नोंदी होत्या, पण घड्याळं जुळलेली नव्हती. त्या अहवालात नोंदयंत्रांची वेळ जुळवण्याची शिफारस आली ती त्यातूनच.

उपाय स्वस्त आहे. जीपीएसचं एक घड्याळ, त्याच्याकडून आयरिग-बी नावाच्या वेळेच्या सिग्नलची तार किंवा नेटवर्कवरून वेळ पाठवणारं एसएनटीपी. पहिला मार्ग जास्त अचूक, दुसऱ्याला वेगळी तार लागत नाही. फक्त एक गोष्ट आठवणीने बघा: रिलेमध्ये भारतीय वेळेचे साडेपाच तास भरलेत का? नाहीतर रात्री दोन चाळीसची ट्रिप आदल्या दिवशी रात्री नऊ दहाची दिसते, आणि त्या पाळीचा ऑपरेटर नसत्या भानगडीत सापडतो.

कुंपणाबाहेर

इथवर सगळं उपकेंद्राच्या भिंतीत होतं. आता माहिती बाहेर न्यायची. सगळ्यात प्रचलित मार्ग म्हणजे सिमकार्डचा ४जी राउटर. त्याबद्दल पहिला प्रश्न: त्याला वीज कुठून देणार?

हसू नका. रिले बॅटरीवर चालतो. राउटर मात्र भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये, मोबाइलच्या चार्जरशेजारी खोचलेला असतो. फीडर ट्रिप झाला, कंट्रोल रूमची वीज गेली, राउटर मेला. दिवसभर इमानेइतबारे "सर्व ठीक" सांगणारी व्यवस्था नेमकी त्या एका क्षणाला गप्प. तेव्हा राउटर, गेटवे, स्विच, सगळ्यांना बॅटरीच्या डीसीवरूनच पुरवठा द्या. लागेल तो कन्व्हर्टर बसवा. आणि अँटेना लोखंडी पॅनलच्या आत ठेवू नका.

दुसरा प्रश्न: बाहेरचा माणूस आत कसा येणार? साध्या सिमला बाहेरून पोहोचता येईल असा स्वतःचा पत्ता बहुधा मिळत नाही. मग कुणीतरी शहाणा सांगतो, स्टॅटिक आयपीचं सिम घ्या, राउटरवर ५०२चं पोर्ट उघडा, झालं. पाच मिनिटांत पुण्यात बसून आकडे दिसायला लागतात, सगळे खूश. पण ते आकडे आता जगातल्या कुणालाही दिसतात. इंटरनेटवर असली उघडी दारं शोधून त्यांची यादी करणारी शोडानसारखी शोधयंत्रं २००९पासून सुरू आहेत. कुणाला तुमच्या कारखान्याशी वैर असण्याची गरज नाही.

बरोबर रीत उलटी आहे. राउटरने आतून बाहेर फोन लावायचा: आपल्या सर्व्हरशी व्हीपीएन (बंदिस्त खासगी बोगदा) जोडायचं आणि त्या बोगद्यातूनच बोलायचं. बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडं नाही. मोबाइल कंपनीकडून खासगी एपीएन, म्हणजे इंटरनेटपासून वेगळी वाट, मिळाला तर आणखी बरं. मध्ये एक गेटवे ठेवायचा, जो रिलेंकडून माहिती घेतो आणि बाहेर फक्त तीच देतो. लिहिण्याचे हुकूम त्याच्यातून पुढे जातच नाहीत. आपली तीन दारं इथे प्रत्यक्षात बंद होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचाही भर वीजयंत्रणा इंटरनेटपासून तोडून ठेवण्यावर आहे.

हे सगळं भीती घालायला सांगतोय असं वाटत असेल तर युक्रेनचं ऐका. २३ डिसेंबर २०१५ला तिथल्या तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत ब्रेकर उघडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. घुसलेल्यांनी जाता जाता आणखी एक काम केलं: उपकेंद्रांतले सिरियल-इथरनेट कन्व्हर्टर, म्हणजे आपण आरएस-४८५ आणि नेटवर्क यांच्यामध्ये लावतो तसली डबी, आतलं सॉफ्टवेअर पुसून निकामी केली. त्यामुळे दुरून ब्रेकर परत लावता येईनात. शेवटी माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि हाताने ब्रेकर लावले. काही तासांत वीज परत आली. तिथे अजून हाताने ब्रेकर लावणारे लोक होते, म्हणून.

पुढच्या वर्षी, १७ डिसेंबर २०१६ला, कीव्हच्या एका उपकेंद्रावर पुन्हा हल्ला झाला. यावेळचं हत्यार १०१, १०४ आणि ६१८५० या भाषा थेट बोलणारं होतं. त्यात एक भाग खास संरक्षण रिलेंसाठी होता: एका प्रसिद्ध मालिकेच्या रिलेला ५००००च्या पोर्टवर अठरा बाइटचा एक संदेश पाठवायचा, की रिले गोठून जाते आणि कुणीतरी जाऊन बंद-चालू करेपर्यंत जागी होत नाही. ही त्रुटी आधीच जाहीर झालेली होती, दुरुस्तीही उपलब्ध होती. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की हा भाग फसला, कारण हल्लेखोरांच्या प्रोग्रॅममध्ये आयपी पत्ते उलट क्रमाने भरले जात होते. आपल्याला पहिल्या दिवशी छळणारा तोच उलटसुलटपणा.

या दुसऱ्या घटनेत माझ्या मुख्य मुद्द्याला बाधा येते, हे मान्य करतो. राउटर मेला तरी रिले काम करेल, हे खरं. पण नेटवर्कवरून कुणी रिलेलाच झोपवलं तर नाही. म्हणून रिलेचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कुठल्या आवृत्तीचं आहे ते लिहून ठेवायचं, कंपनीच्या सूचना वाचायच्या आणि रिलेतल्या न लागणाऱ्या सेवा बंद करायच्या. प्रत्येक रिलेमध्ये स्वतःच्या तब्येतीचा एक संपर्क असतो, वॉचडॉग. तो तारेने अलार्म पॅनलला जोडा. रिले झोपली हे कळण्यासाठी रिलेच्याच नेटवर्कवर विसंबून कसं चालेल?

तपासणी

शेवटी चाचणी. बहुतेक ठिकाणी पडद्यावर आकडे हलायला लागले की हारतुरे होतात. मी तीन गोष्टी करून दाखवल्याशिवाय सही करत नाही.

पहिली, एकेक मुद्दा दोन्ही टोकांना बघायचा. टेस्ट किटने रिलेला प्रत्येक फेजमध्ये वेगवेगळा करंट द्यायचा, आर फेजला ०.२, वाय फेजला ०.४, बी फेजला ०.६, आणि पलीकडच्या माणसाने फोनवर आकडे वाचायचे. सरकलेली ओळ लगेच पकडली जाते. दुसरी, ब्रेकर टेस्ट पोझिशनला, म्हणजे मुख्य विजेपासून बाजूला, घेऊन कंट्रोल बघायचं, आणि स्विच लोकलला असताना दुरून क्लोज देऊन काहीही होत नाही हेही बघायचं. तिसरी माझी आवडती: संवादाची केबल सगळ्यांसमोर उपटायची आणि फॉल्टचा करंट द्यायचा. ब्रेकर धाडकन पडला पाहिजे, नेहमीच्याच वेळात.

केबल उपटलेली असतानाच पडद्याकडेही बघा. आकड्यांचं काय झालं? एका कारखान्यात लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत सुट्टी होती, सगळी यंत्रं बंद, आणि मालकांच्या मोबाइलवर मुख्य फीडरचा करंट १४२ अँपिअर. पहिल्या दिवशी १४२, दुसऱ्या दिवशी १४२. मालकांना वाटलं कुणीतरी वीज चोरतंय. प्रत्यक्षात सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रिलेशी संपर्क तुटला होता आणि गेटवे शेवटचा आकडा इमानाने दाखवत बसला होता. ती व्यवस्था मीच बसवली होती. तेव्हापासून आकड्याशेजारी तो कधीचा आहे हे दाखवतो, आणि संपर्क तुटला की आकडा काढून तिथे नुसती रेघ येते.

हे झालं की एक कागद करायचा. रिलेचा क्रमांक, पत्ता, वेग, पॅरिटी, आयपी, शब्दांचा क्रम, फर्मवेअरची आवृत्ती, कुठल्या टोकाला रेझिस्टर, कुठल्या टोकाला शील्डचं अर्थिंग. लॅमिनेट करून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. पाच वर्षांनी जो कुणी टॉर्च तोंडात धरून तिथे वाकेल तो तुम्हाला दुवा देईल. पासवर्ड त्या कागदावर लिहायचा नाही. मागच्या महिन्यात मीच लावलेला असा एक कागद दिसला. खाली, लॅमिनेशनवर, मार्कर पेनाने, ठळक अक्षरांत पासवर्ड. पुढे कंसात कुणीतरी लिहिलं होतं: कुणाला सांगू नये.